हेडबाईचं दुखणं

९ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

शाळेच्या स्वयंपाकघरामागचा तो पत्र्याचा टब आठवतो का? कोंबड्यांची सिस्टर त्यात कोमट पाणी ओतायची, मी कोंबडीचे पाय धरायचे आणि तू पंख. तू दुसरीत असशील, मी सहावीत. बोर्डिंगातल्या सगळ्या मुली शनिवारी मैदानावर आणि आपण दोघी खुराड्यात, कारण तुला कोंबड्या आवडायच्या आणि तुला एकटीला सोडायचं नाही असं आईनं मला बजावलं होतं. एकदा तू विचारलंस, "सिस्टर, अंडं आत अडकलं की कोंबडीला कळतं का?" आणि सिस्टर म्हणाल्या, "कळतं म्हणून तर गप्प बसलीय. नाहीतर कोंबडी कधी गप्प बसते?" तुझे मोजे पार भिजले होते. ते मी माझ्या मोज्यांशी बदलले आणि दिवसभर ओल्या पायांनी फिरले. एवढंच. त्या दिवशी दुसरं काहीच घडलं नव्हतं.

बुटके म्हटलेलं चालेल ना? तू माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीस त्यालाही आता पन्नास वर्षं होतील. पण अकरा वर्षांनी पत्राला बसले तर दुसरं काही हाताखाली येईना.

टब आठवला कारण आज सकाळी मी तेच सगळं एकटीनं केलं. छापखान्यातलं प्रूफं तपासायचं काम सुटल्यापासून मी मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या आहेत. पाच आहेत. त्यातली सगळ्यात थोरली पांढरी. तिला मी हेडबाई म्हणते, कारण ती मान उंच करून चालते आणि बाकीच्या चौघींना रांगेत उभं करते. परवापासून ती खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुगवून बसली आहे. शेपूट खाली, डोळे अर्धे मिटलेले, तुरा फिका. दाण्याकडे बघत नाही. मी म्हटलं, अंडं अडकलं असणार. वीस मिनिटं कोमट पाण्यात धरली. तिनं एकदाही पंख मारला नाही. मला ते आवडलं नाही.

घाई आहे म्हणून लिहिते. एकवीस तारखेला मी हॉस्पिटलात दाखल व्हायची आहे. पोटात गाठ आहे, ती काढायची. किरकोळ आहे. कोंबड्या शेजारच्या गॅरेजवालीनं घ्यायचं कबूल केलं होतं, पण हेडबाईला बघून तिनं पाऊल मागे घेतलं. रोगाची कोंबडी असेल तर एकही नको म्हणाली. तिच्या स्वतःच्या सात आहेत, तिचंही चूक नाही. तेव्हा एकवीसच्या आत हेडबाईला बरं करायचं, निदान तिला लागणारा रोग नाही एवढं तरी समजून घ्यायचं. नाहीतर पाचही जणी कोपऱ्यावरच्या खाटकाकडे जातील. दुसरं कोणी घेणारं नाही.

आपल्यात शालीवरून जे झालं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. आईची शाल हॉस्पिटलातच राहिली हे मी तेव्हा सांगितलं होतं. त्यात आता भर घालण्यासारखं काही नाही.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

कालचं पत्र, म्हणजे परवाचं, अजून टपालात टाकलेलं नाही. हे त्याच्याचबरोबर ठेवते.

हेडबाई तशीच आहे. काल दोन वेळा कोमट पाणी केलं, हाताला तेल लावून खालून चाचपून पाहिलं. आत अंडं नाही. मग दुपारी खुराडं धुताना लक्षात आलं की मी किती मूर्ख आहे. पांढरी अंडी फक्त हेडबाईची असायची, बाकीच्या चौघी तपकिरी देतात. पांढरं अंडं मी शेवटचं कधी उचललं? गेल्या वर्षी. ती सात वर्षांची आहे, तिनं अंडी देणं केव्हाच सोडलं आहे. टोपलीत रोज तीन-चार अंडी असायची, मी मोजत होते आणि रंग बघत नव्हते. तीस वर्षं लोकांच्या ओळीतला एकेक काना-मात्रा पकडला आणि घरात हे!

सिस्टरनं एकच दुखणं आणि एकच औषध शिकवलं होतं, ते मी साठ वर्षं जपून ठेवलं. कोंबडीला दुसरं काही होऊ शकतं हे डोक्यातच आलं नाही.

कुंपणावरून गॅरेजवाली बघत होती. "अहो बाई, आंघोळी घालून घालून सर्दीनं मरेल ती!"

"अंडं अडकलं असेल असं वाटलं होतं."

"तिचं? तिला नातवंडं खेळवायचं वय झालं, अंडं कसलं घेऊन बसलात! आमच्या सासूबाईंना डोहाळे लागलेत म्हणण्यासारखं झालं हे." मग तिनं आवाज उतरवला. "खरं सांगू का? मान पिरगाळून टाका आजच. बाकीच्या चार मी उद्या घेऊन जाते. नवऱ्यालाही सांगून ठेवलंय. पण ही असेपर्यंत नको. माझ्या सात जणींना काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

तिचं गणित बरोबर होतं. एक गेली तर चार वाचतात. मी म्हटलं, बघते. घरात आले, पुठ्ठ्याचं खोकं काढलं, त्यात जुनी वर्तमानपत्रं घातली आणि हेडबाईला स्वयंपाकघरात ओट्याखाली आणून ठेवलं. बाकीच्या चौघींपासून लांब. उचलताना छातीचं हाड हाताला लागलं, सुरीच्या पाठीसारखं. पिसांमुळे कळत नाही, आतून किती वाळली आहे.

उद्या-परवा जनावरांची डॉक्टर येते म्हणाली आहे.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

डॉक्टर येऊन गेली. वय तिशीचं, केस पोरासारखे कापलेले, स्कूटरवरून येते आणि हेल्मेट काढायच्या आधी बोलायला लागते. मला 'आजी' म्हणाली नाही, 'मॅडम' म्हणाली. बरं वाटलं.

"कोंबडीसाठी घरी बोलावणाऱ्या तुम्ही दुसऱ्या. पहिलीची मी बरी केली, तर पुढच्या रविवारी तिनं रस्सा करून खाल्ली."

"मी नाही खाणार."

"तुमच्याकडे बघून वाटत नाही. पण तिच्याकडे बघूनही वाटलं नव्हतं."

तिनं हेडबाईला टेबलावर घेतलं. किती नीट तपासलं म्हणून सांगू. डोळ्याखालची पापणी ओढून पाहिली, पंख उचलून उवा-पिसवा पाहिल्या, पायाचे तळवे पाहिले, खोक्यातल्या कागदावरची घाण काडीनं चाळवून पाहिली. पाणीदार, हिरवट, त्यात दाण्याचा कण नाही. मग चोच उघडून नाक जवळ नेलं आणि तोंड वाकडं केलं. "आंबलंय. इकडे या, बोट लावा."

गळ्याखाली, छातीच्या उजव्या अंगाला, कोंबडीची एक पिशवी असते. खाल्लेलं आधी तिथं साठतं आणि मग हळूहळू खाली जातं. रात्रीतून ती रिकामी व्हायला हवी. सकाळी उपाशीपोटी चपटी लागायला हवी. हेडबाईची टेनिसच्या चेंडूएवढी होती आणि कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट. आंघोळीच्या वेळी माझे हात तिथूनच तर तिला धरत होते. मला वाटलं होतं, दाणे आहेत.

"काहीतरी अडकून बसलंय," डॉक्टर म्हणाली. "त्याच्या पुढं काही जात नाही. ही भरल्या पिशवीनं उपाशी मरतेय. एक चांगलं आहे, हे एकमेकींना लागणारं नाही. बाकीच्या धडधाकट आहेत, कोणाला द्यायच्या त्याला बिनधास्त द्या."

मी लगेच कुंपणापाशी जाऊन गॅरेजवालीला सांगावं की नाही? नाही गेले. तशीच उभी राहिले.

मग तिनं विचारलं, "काय खाल्लंय हिनं? लांब गवत?"

"नाही. अंगणात लांब गवतच नाही."

"दोरा, सुतळी, प्लास्टिक, कापडाच्या चिंध्या, असं काही अंगणात पडलं होतं?"

मी म्हटलं, "नाही."

"नक्की? गवत असेल तर तेलानं, चोळून सुटतं. दोरा-चिंधी असेल तर नाही सुटत, कापून काढावं लागतं. म्हणून विचारते."

"नाही," मी पुन्हा म्हटलं. "नेहमीचाच भरडा आणि भाजीची पानं."

तर तिनं त्याप्रमाणे उपाय सांगितला. दाणे बंद. दिवसातून चार वेळा ड्रॉपरनं चमचाभर तेल आणि कोमट पाणी. मग पिशवी बोटांनी खालून वर हलकेच चोळायची, जोर नाही करायचा. दोन दिवसांत मऊ पडली नाही तर दवाखान्यात घेऊन या.

मी घड्याळ लावून सगळं करते आहे. ती माझ्या मांडीवर मान टाकून बसते, मी चोळत राहते. हाताला गोळा तसाच लागतो. काल हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझ्याही पोटावर असाच हात फिरवला होता. किरकोळ आहे असं मी तुला लिहिलं. तसं कोणी म्हटलेलं नाही. उघडल्यावर कळेल, असं म्हणाले.

शाळेत आपण रविवारी घरी पत्रं लिहायचो आणि पाकिटं उघडीच ठेवायची, सिस्टर वाचून चिकटवायच्या. तू एकदा 'मला इथं रडू येतं' लिहिलंस, तर तुला ते पान पुन्हा लिहायला लावलं. मी बाजूला बसून तुला सांगत होते, 'मी मजेत आहे' असं लिही, सुटशील. मला ते चांगलं जमायचं. अजून जमतं.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

बुटके,

गोळा मऊ पडलेला नाही. आज सकाळी हेडबाईनं मान उचलली नाही. पाणी चोचीतून बाहेर आलं.

मी डॉक्टरला खोटं सांगितलं. हेडबाईनं काय खाल्लं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत होतं असं म्हणणं कदाचित बरोबर नाही, पण त्या बाजूला मी वळूनच पाहिलं नाही.

सहा तारखेला मी कपाट आवरत होते. हॉस्पिटलातून परत आले नाही तर माझं कपाट कोण उघडणार? तूच. दुसरं आहे कोण? आणि खालच्या खणात, चादरींच्या मागे, उशीच्या अभ्र्यात तुला शाल सापडली असती. आईची, राखाडी, कडेला निळी पट्टी असलेली. ती हॉस्पिटलात राहिली नव्हती. आई गेली त्याच सकाळी मी ती तिच्या अंगावरून काढून पिशवीत घातली होती.

तुला दुसरं काहीच नको होतं. घर नको, भांडी नकोत. "ताई, फक्त शाल दे," एवढंच म्हणालीस. मी म्हटलं, हॉस्पिटलवाल्यांनी धुण्यात टाकली असेल. तर तू तिथं गेलीस आणि धुण्याच्या खोलीत दोन तास उभी राहून चादरींचे ढीग उपसलेस. तिथल्या आयानं तुला सांगितलं, "तुमच्या ताईच घेऊन गेल्या की हो." तू घरी येऊन दारातच म्हणालीस, "ताई, एकदाच विचारते." मी तुझ्या चपलांकडे बघत म्हटलं, "माझ्याकडे नाही." तू चपला काढल्याच नाहीस. तशीच गेलीस. हे तुला माहीत आहे, मी कशाला सांगते? कारण मी हे कधी तोंडानं म्हटलेलं नाही.

का केलं ते लिहायचा प्रयत्न करते. आठ वर्षं आईचं मी केलं. न्हाऊ-माखू, औषध, बेडपॅन, सगळं. तू वर्षातून आठवडाभर यायचीस आणि तुझ्यासाठी ती केस विंचरून बसायची. शेवटच्या महिन्यात तिला मी कोण ते कळायचं नाही. मला 'नर्सबाई' म्हणायची. चांगल्या नर्सबाई आहात म्हणायची. आणि दाराकडे बघून विचारायची, "बुटकी आली का?" रोज. मी रोज सांगायचे, येतेय, गाडीत बसलीय. तुला मी फोन केला नव्हता. तिची तब्येत इतकी उतरली आहे हे मी तुला शेवटचे नऊ दिवस कळवलंच नाही. हे तुला माहीत नसेल. शालीचं माहीत आहे, हे नाही.

तू शाल मागितलीस तेव्हा मला वाटलं, आणखी हेही हिलाच?

तर सहा तारखेला मी मागच्या पायरीवर बसले, कात्री घेतली आणि शाल कापायला लागले. कोणाला सापडू नये म्हणून. जाळायची हिंमत झाली नाही, लोकरीचा वास शेजारी गेला असता. बोटाएवढे तुकडे करत होते, म्हणजे शाल आहे हे कळू नये. रडत नव्हते. भाजी चिरावी तशी चिरत होते. कोंबड्या पायाशी होत्या. उसवलेली लोकर गांडुळासारखी दिसते, आणि पहिला घास नेहमी हेडबाईचा असतो. मी तिला खाताना पाहिलं. हट् म्हटलं असेन. उठले नाही.

निम्मी कापून झाली तेव्हा गॅरेजवालीनं काहीतरी मागायला हाक मारली म्हणून थांबले. पश्चात्ताप झाला म्हणून नाही. उरलेली पुन्हा अभ्र्यात घातली.

आत्ता डॉक्टरला फोन केला. म्हटलं, "लोकर आहे." ती म्हणाली, "उद्या सकाळी आठला घेऊन या. पाणीसुद्धा देऊ नका."

ताई


१६ फेब्रुवारी

बुटके,

गॅरेजवाल्यानं गाडीतून नेलं. खोकं माझ्या मांडीवर होतं. त्याची बायको शेजारी बसून सांगत होती, "कोंबडीचं ऑपरेशन! मी कोणाला सांगितलं तर मलाच वेड्यात काढतील." पण ती आली होती आणि खोकं हलू नये म्हणून तिनं एक हात त्यावर ठेवला होता.

डॉक्टरनं गळ्याखालची पिसं उपटली, सुई टोचून तेवढा भाग बधिर केला. मला म्हणाली, धराल का? मी पंख धरले. कातडी कापली, मग आतली पिशवी. रक्त अगदी थोडं. चिमट्यानं ती ओढत गेली आणि लोकर येत गेली, राखाडी, मध्येच निळी, दाणे गुंतलेले, आंबूस. संपेचना. शेवटी एक वेणीसारखा पीळ निघाला, वीतभर.

"काय होतं हे?"

"शाल."

"तेरा तारखेला मी दोनदा विचारलं होतं."

"हो."

"मॅडम, त्याच दिवशी कापलं असतं तर..." ती टाके घालत राहिली. आतल्या पिशवीला वेगळे, कातडीला वेगळे. मग हात धुताना म्हणाली, "अंगात काही उरलेलं नाही तिच्या. बघू. साखरपाणी, मग भाताची पेज, चमचा-चमचा."

लोकरीचा गोळा ट्रेमध्ये होता. "फेकू?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. गॅरेजवालीनं माझ्याकडे पाहिलं आणि खोक्यातले कागद सारखे केले.

दुपारी हेडबाईनं तीन चमचे पाणी घेतलं.

ताई


१९ फेब्रुवारी

बुटके,

हेडबाई काल सकाळी गेली. सतराला तिनं पेज घेतली होती, एकदा उभीही राहिली होती, मला वाटलं जमलं. काल खोक्यात हात घातला तर पाय ताठ. टाके कोरडे होते, चांगले भरत होते.

मला काही वाटलं नाही. खोकं मोडलं, कागद गुंडाळले, ओट्याखालची फरशी पुसली. मग चहा केला आणि तो गाळायचा विसरले. अंगणात खड्डा गॅरेजवाल्यानं खणून दिला. त्याची बायको म्हणाली, "बाई, तुम्ही रडा तरी. नाहीतर मला शिव्या द्या, मान पिरगाळा म्हटले म्हणून." मी म्हटलं, "तुम्ही खरं तेच बोललात." ती उरलेल्या चौघींना संध्याकाळी घेऊन गेली. माझ्या आधी तिचंच नाक लाल झालं होतं.

डॉक्टरला मी दोन दिवस आधी सांगायला हवं होतं, तुला अकरा वर्षं आधी. ही सगळी पत्रं आज एकत्र पाठवते. पुन्हा वाचून पाहिली नाहीत. वाचली तर दुरुस्त करीन. तुझा पत्ता जुनाच धरते आहे.

परवा दाखल होते, ऑपरेशन बावीसला. तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. यावंसं वाटलं तर वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आहे, भेटायची वेळ चार ते सहा. काही बरंवाईट झालं तर पुढीलप्रमाणे करावं.

चार कोंबड्या आणि खुराडं गॅरेजवालीचं. खुराड्याची कडी आतून अडकते, तिला माहीत आहे. भरड्याचं पोतं अर्धं आहे, तेही तिचं.

शिवणयंत्र तिच्या सुनेला. पट्टा नवा घातला आहे.

शब्दकोश आणि व्याकरणाची पुस्तकं छापखान्याला. त्यांच्याकडे असलेल्या प्रतींची पहिली पन्नास पानं गेली आहेत.

डॉक्टरला माझा चामड्याच्या हातमोज्यांचा जोड. थंडीत उघड्या हातांनी स्कूटर चालवते.

घराची किल्ली गॅरेजवालीकडे. घर तुझं. विकलंस तरी चालेल. आईचा चष्मा आणि केसांचा कंगवा टेबलाच्या खणात आहेत, ते तुझे.

शाल, जेवढी उरली तेवढी, तुझी. निळी पट्टी एका बाजूला शाबूत आहे. कापलेली कड मी विणून बंद केलेली नाही, ती उसवत जाईल, तेव्हा पहिल्यांदा तेच कर. मी करायला बसले असते तर पुन्हा ठेवून घेतली असती. म्हणून ती मागे ठेवत नाही. या पत्रांबरोबर आजच्या टपालानं पाठवते आहे. पार्सल बांधून झालं आहे, पोस्ट पाचला बंद होतं, आत्ता सव्वातीन झाले आहेत.

ताई